ताइफची पांढरी द्राक्षं

यान्बू, सौदी अरेबिया,
१४ सप्टेंबर २०२४

ती. नानांना पिंटूचा साष्टांग नमस्कार.

मी बरा आहे. आईच्या गुडघ्याला उतार पडला का? गोडी छाटणीची घाई करू नका, पाऊस जाऊ द्या. आपली शेनिन पातळ सालीची, घड गच्च. एक मणी फुटला की आतल्या आत कुजते आणि वरून दिसते कशी नवरीसारखी! वायनरीला द्राक्षं घालणाऱ्या बापाला शेनिन शिकवतोय, हसा आता.

फोनवर नीट बोलत नाही म्हणून रागावला असाल. खोलीत सहा जण, सगळ्यांचे कान इकडेच. रत्नागिरीचे गफूरचाचा आज रजेवर निघालेत, त्यांच्या हाती हे देतोय. वाचून चुलीत घाला.

आमचा फोरमन हाशिर ताइफहून पांढऱ्या द्राक्षांच्या पेट्या आणायचा. खायला असतील, असं वाटलं. एक मणी चावला आणि नाना, जीभ थेट दिंडोरीला गेली! तोच आंबटपणा, मागून मधाचा वास. मग त्याने स्टोअरमागचे कॅन दाखवले. गाढवाने उघड्यावर, उकाड्यात रस आंबवत ठेवलेला. नुसता शिरका झालेला.

इथे दारूचा थेंब सापडला तरी जेल, हे मला ठाऊक नव्हतं का? गप्प बसायचं होतं. पण चांगला माल कोणी नासवलेला बघवत नाही, हा तुमचाच रोग. "इस अंगूर को ठंडक चाहिए भाई," बोलून गेलो. पुढचा रस मीच लावला.

उतरला असा की सगळा कॅम्प 'नाशिकवाले का माल' म्हणायला लागला. खरं सांगतो, छाती फुगली होती.

काल गेटवर हाशिरच्या गाडीत बाटल्या सापडल्या. त्याला घेऊन गेले. गफूरचाचा तिथेच होते. पोलीस एकच विचारत होते, बनवली कोणी? "पोरा, निघ इथून," चाचा म्हणाले. निघू कसा? पासपोर्ट मालकाच्या, त्या कफीलच्या कपाटात.

आज जेवताना माझ्या शेजारी कोणी बसलं नाही. मला फार भीती वाटतेय, नाना. हाशिर तोंडाचा पक्का आहे, नाव सांगणार नाही. पण नाव कशाला हवं? कॅम्पात नाशिकवाला एकच आहे.

फोन लागला नाही तर आईला सांगा, ड्युटी लांब लागलीय. आणि माझ्यावरचा राग त्या वेलींवर काढू नका. मी येईपर्यंत शेनिन उपटू नका.

तुमचीच जीभ घेऊन जन्मलेला,
पिंटू