श्रावस्तीच्या बांगड्या

प्रिय दादा,

फोनवर रडू येईल, म्हणून हे पत्र लिहून त्याचा फोटो पाठवते. मी बरी आहे. तू वेळेवर जेवतोस ना?

आईचे दोनच दिवस उरलेत असं डॉक्टरांनी सांगितलं. "येतीस का न्हाय?" असं तू विचारलंस. नाही येत. दोन वर्षं वाट पाहिल्यावर इथल्या प्रयोगशाळेत आमच्या प्रयोगाला बीम, म्हणजे कणांचा झोत, मिळाला, तोही शनिवारपर्यंतच. आम्हाला हवे ते दुर्मिळ अणुगर्भ पापणी लवायच्या आत विरतात. आजवर सातच सापडले.

मी सोलापूरच्या कॉन्व्हेंटात असताना आई दर रविवारी मुरुमहून एसटीनं भेटायला यायची. एकही रविवार चुकला नाही.

आता तिला दिसत नाही, आवाजही ओळखत नाही. शेजारच्या श्रावस्तीला माझ्या नावानं तिच्याजवळ बसव. फक्त श्रावस्तीला हातातल्या बांगड्या काढून ठेवायला सांग. आई हात चाचपून बघेल, आणि मी कधीच बांगड्या घातल्या नाहीत.

तुझी धाकटी,
विशाखा