पेंढ्यातली आमटी

अण्णा,

आज मंडईत या थंडीतले पहिले पावटे दिसले. घरी आणून सोलायला बसले आणि तुमच्याशी भांडावंसं वाटलं. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, माझे केस पांढरे झाले, तरी आमटीला फोडणी घातली की तुमचा आवाज कानात येतो. "आधी चूल, मग शाळा." मला ते तेव्हा पटलं नव्हतं, आजही पटत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे म्हातारपणी पोरीला पश्चात्ताप झाला, असा तुमचा गैरसमज नको.

आई गेली ती पावसाळा सरताना. माझं मॅट्रिकचं वर्ष तोंडावर आलेलं. अंबरनाथच्या चाळीत आपल्या दोन खोल्या, तुम्ही कारखान्याच्या ऑफिसात कारकून. दुपारचा भोंगा झाला की तुम्ही जेवायला घरी यायचात आणि पहिल्या घासाला तोंड भाजलं पाहिजे, असा तुमचा हट्ट. आई असताना ते सगळं आपोआप व्हायचं, म्हणजे आपल्याला तसं वाटायचं. दिवाळी झाली आणि तुम्ही कोट खुंटीला अडकवता अडकवता म्हणालात, "उद्यापासून तू घरीच थांब. धाकट्यांचं आणि माझं दुपारचं बघ. तुझ्या हाताला तिच्यासारखीच चव आहे." तुम्ही कौतुक केलंत, अण्णा, आणि त्याच कौतुकानं माझी शाळा बंद केलीत.

मला स्वयंपाकाचा कंटाळा होता असं नाही. थंडीत चुलीपाशी बसावं, मलंगगडाकडचा वारा दाराच्या फटीतून आत येत असावा, निखाऱ्यावर वांगं भाजत ठेवावं, यासारखं सुख मला आजही दुसरं नाही. रविवारी तुम्ही निर्वासितांच्या कँपातून भाजीची पिशवी भरून आणायचात. तिथल्या सिंधी भाजीवाल्यांशी घासाघीस करताना तुमचं हिंदी ऐकून मला हसू आवरायचं नाही. कोवळे मटार, लाल गाजरं, मुळे. त्या पिशवीची मी आठवडाभर वाट बघायची. पण आवडतं म्हणून दिवसभर तेच करायचं, हे कुठलं शास्त्र?

मार्ग दाखवला मोळीवालीनं. ती वांगणीकडच्या पाड्यावरून सरपण घेऊन यायची. तिच्याजवळ मी रडले, तर ती हसलीच. "पोरी, आमी रानात जातो ना, तवा मडकं पेंढ्यात बुजवून जातो. उलीशीक उकळी येऊ दे नि झाकून ठेव. घरी येतो तं भात ऊन ऊन." दुसऱ्या खेपेला तिनं मोळीबरोबर भाताचा पेंढाही आणला. वाण्याकडून मी चहाचं रिकामं खोकं मागून घेतलं, त्यात पेंढा दाबून भरला आणि मधे पातेल्यापुरती जागा ठेवली. पहाटे उठायचं, आमटी चांगली उकळू द्यायची, घट्ट झाकण लावून पातेलं पेंढ्यात ठेवायचं, वर आईची गोधडी. भात दुसऱ्या खोक्यात. पेंढा भरला त्याच संध्याकाळी दोन्ही धाकट्या भावांना मी शेंगा सोलायला बसवलं आणि उद्यापासून शाळेत जाते, तुमचं जेवण खोक्यात असेल, असं सांगितलं, तेव्हा तुमचा भडका उडाला.

"मुलग्यांना शेंगा सोलायला बसवलंस?"

"त्यांनाही हात आहेत, अण्णा."

"आणि दुपारी मी काय शिळं खाऊ?"

"शिळं नाही. ऊन असेल. हात लावून बघा. आणि शाळा सुटली तर चूलही सुटेल. मी पेटवणार नाही."

वडिलांशी असं बोलणारी मुलगी आपल्या चाळीत तोवर झाली नव्हती. शेजारच्या काकूंनी खिडकी लोटून घेतली. तुम्ही हात उचललात आणि तसाच खाली घेतलात. मी मात्र जागची हलले नाही.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. तुम्ही गोधडीसुद्धा बाजूला केली नाहीत, खानावळीत जेवलात. त्यानंतरही तेच. धाकटे पोटभर जेवायचे आणि मला येऊन सांगायचे, "ताई, वाफ निघत होती." मी रोज तुमच्या वाटणीची आमटी करत राहिले. ती तुमच्यावरची माया नव्हती, हट्ट होता. तुमचीच मुलगी मी.

मग भोगीच्या आधी कडाक्याची थंडी पडली. तुम्ही सर्दीनं बेजार. त्या दुपारी भोंगा झाल्यावर तुम्ही घरी आलात, खोक्यासमोर पाटावर बसलात आणि स्वतःच्या हातानं वाढून घेतलंत. संध्याकाळी मी आले तेव्हा पातेल्यात तळाला थोडीशीच आमटी उरली होती. तुम्ही पेपर तोंडासमोर धरून बसलेले. त्याबद्दल त्या दिवशी काही बोलला नाहीत, नंतरही कधी नाही. पण खानावळ बंद झाली. मी मॅट्रिक झाले, पुढे नोकरीला लागले. माझ्या संसारात नवऱ्यानं आणि मुलांनी शेंगा सोलल्या, भाकऱ्याही थापल्या, आणि कुणाचं काही बिघडलं नाही. मुलींना, सुनेला, ऑफिसातल्या पोरींना मी ही गोष्ट कितीदा सांगितली. दरवेळी शेवटी मी जिंकलेली असते.

हा कागद मी कुणाला दाखवणार नाही, म्हणून एवढं लिहिते. त्या संध्याकाळी तळाची आमटी मी भातावर ओतून घेतली. पहिला घास घेतला आणि कळलं, पहाटेच्या घाईत मी मीठ घालायलाच विसरले होते. धाकटा कानाशी लागून म्हणाला, "आम्ही बोलणार होतो, पण अण्णांनी डोळे वटारले. म्हणाले, गुपचूप जेवा." लोकांना गोष्ट सांगताना हे एवढं मी गाळते.