फियाटचा सायलेन्सर आणि बाकीची मिळकत

मी, श्रीमती कुमुद कमलाकर ओगले, वय ६३, टेलिफोन खात्यातून निवृत्त, राहणार नवीन पनवेल, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. छातीचे दुखणे गंभीर असल्याचे डॉक्टर म्हणतात, पण त्याचा अकलेशी संबंध नाही. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणायला घरात माणूस लागते, ते माझ्याकडे नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. तळमजल्यावरील राहते घर आणि बँकेतील ठेवी माझा एकुलता एक मुलगा सत्यजीत, हल्ली मुक्काम बंगलोर, याला मिळाव्यात. घर तो विकणार हे मला माहीत आहे. खुशाल विकावे. फक्त घेणाऱ्याला मोरीतला नळ उलटा फिरतो हे सांगावे.

२. दागिने सून रुचिरा हिला. नथ मात्र नणंद सुमती हिला द्यावी. माझ्या लग्नापासून तिचा त्या नथीवर डोळा आहे. आता एकदाची घालू दे.

३. गाडी. कागदोपत्री प्रीमियर पद्मिनी, आमच्या तोंडी फियाट. यजमानांच्या हयातीत मी कायम डाव्या सीटवर. ते गेल्यावर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातले, तेव्हा सुमती म्हणाली, "वहिनी, या वयात?" अगं, या वयातच तर वेळ असतो!

गाडी शिकले, पण गाडी भारी गरीब स्वभावाची. कधी गेली, कधी आली, कुणाला पत्ता नाही. एकदा माहेरी आपट्याला आठवडाभर राहून परतले, तर वरच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "काल दिसला नाहीत?" काल! एक्स्चेंजमध्ये जन्मभर माझ्या कानात माणसे बोलत होती, आणि निवृत्त झाल्यावर एकदम सगळे बंद. घर खायला उठत होते. हे इथे स्पष्ट लिहिते, कारण सत्यजीतने फोनवर विचारले की मी "मजेत" म्हणत असे.

म्हणून सायलेन्सर बदलायचा ठरवला. सुकापूरच्या रस्त्यावर गॅरेज असलेला काशिराम हसला. "बाई, तुमच्या वयाची माणसं आवाज कमी करायला येतात माझ्याकडे." तरी मुंबईहून परत करण्याच्या बोलीवर तीन सायलेन्सर घेऊन आला. पहिला रॉकेलच्या रिकाम्या डब्यासारखा वाजला. दुसरा म्हणजे नुसती सरळ नळी, तो भांडखोर. तिसऱ्याच्या पोटात काचेची लोकर भरलेली होती. त्याचा आवाज खालच्या पट्टीतला, घसा बसलेल्या प्रेमळ माणसासारखा. मी डोळे मिटून ऐकला आणि तोच घेतला.

काशिराम म्हणाला, "मागून मोकळं केलंत, आता पुढून हवा पण मोकळी पायजे." मग हवेच्या फिल्टरचा जुना डबा काढून उघडा फिल्टर आणला आणि पेट्रोलही जास्त यावे म्हणून कार्बोरेटरचा जेट मोठा केला. फिल्टर आम्ही दोघांनी विचार करून खाली, पुढच्या जाळीमागे बसवला, तिथे गार हवा मिळते म्हणून. पाणीही तिथेच मिळते, हे दोघांच्याही डोक्यात आले नाही.

४. सोसायटीचे सेक्रेटरी श्री. शेवडे यांनी आवाजाबद्दल मला नोटीस दिली. सत्यजीत दिवाळीला आला तेव्हा म्हणाला, "आई, लोक हसतात. काढून टाक तो." मी काढला नाही. हसायला का होईना, लोक खिडकीत येत होते. सबब, शेवडे यांना माझ्याकडून काहीही मिळणार नाही. दुसरे साक्षीदार म्हणून त्यांनाच बोलावले आहे; साक्षीदाराला काही मिळत नसते, म्हणजे त्यांना स्वतःला खात्री पटेल.

५. यंदा श्रावणात आपट्याहून येताना रस्त्यावर नदीचे पाणी आले होते. फिल्टरने ते पोटभर ओढले आणि गाडी जागीच बंद पडली. ती तिथेच ठेवून मी एसटीने घरी आले. दारात शेजारची रंभा उभी. ही मूळची उरणकडची, नवरा दयाराम बंदरात कामाला. तिची सुकत घातलेली मासळी आणि माझा सायलेन्सर, दोन्हींवर शेवड्यांचा सारखाच राग. आमची ओळख तेवढीच.

"कुठं व्हतीस गो बाय?" ती माझ्यावर ओरडलीच. "रोज तुजी गाडी वाजली का मी म्हनतंय, आली बाय घरला. आज वाजली नाय. त्याला पाठवलाय तुला शोधाया."

कोणीतरी माझी वाट पाहत होते, आणि मला ठाऊकच नव्हते. मी पायरीवर बसून रडले. गाडी दुरुस्त झाली, फिल्टर वर बसवला. तेव्हापासून गाडी कोपऱ्यावर वळली की रंभा चहाचे आधण ठेवते आणि दारात येऊन उभी राहते.

६. रंभाला माझ्या पाटल्या द्यायच्या होत्या. वकील म्हणाले, ज्याला काही द्यायचे त्याला साक्षीदार करू नका, पुढे कटकट होते. मी तिला विचारले, पाटल्या घेतेस की साक्षीला येतेस? "पाटल्या नको. तुजा कागद हाय ना, मी अंगठा देतंय." त्यामुळे पाटल्याही रुचिराकडे जातील.

७. गाडी सत्यजीतला द्यावी, एका अटीवर. माझ्यामागे काशिरामला घरी बोलवावे. त्याने गाडी जागेवरून न हलवता तो सायलेन्सर काढावा आणि कंपनीचा मुका सायलेन्सर बसवावा. त्याआधी गाडी एकदाही सुरू करू नये. काढलेला सायलेन्सर आणि डिकीतली हत्यारे काशिरामने न्यावीत, पण तो सायलेन्सर पनवेलमधल्या कुठल्याही गाडीला लावू नये. शेवड्यांनी हा आपला विजय समजू नये, सत्यजीत, तूही समजू नकोस. तो आवाज कोपऱ्यावर आला, तर रंभा आधण ठेवील, दारात येईल, आणि गाडीतून दुसरेच कोणीतरी उतरेल. तिच्यावर ती वेळ आणू नका.

वरील मजकूर माझाच आहे. साक्षीदारांनी मला सही करताना पाहिले आहे. त्यांना तो वाचून दाखवलेला नाही, आणि रंभाला कलम ७ कधीच वाचून दाखवू नये.

सही: कुमुद कमलाकर ओगले

साक्षीदार:
१) रंभा दयाराम कोळी (डाव्या हाताचा अंगठा)
२) वसंत गो. शेवडे (सही)

ठिकाण: नवीन पनवेल
तारीख: १७ ऑक्टोबर १९९६