मेंढीमुक्त कुरण

१४ एप्रिल २०११
कुरण क्रोकसच्या फुलांनी जांभळं झालंय. आई अंथरुणाला खिळलेली, पण खिडकीतून दिवसभर तेच बघते. फुलं आहेत तोवर जेवतेही नीट. ठरवलं: पुढच्या वर्षी तिच्यासाठी दुप्पट फुलं. मेंढ्या विकायच्या. फुलं तुडवतात. शिवाय पहाटे उठावं लागतं, पण ते कारण गौण.

३ मे
विकल्या. आईला सांगितलं नाही, उगाच जिवाला लावून घेईल. शेजारचा वालेंती पोट धरून हसला. म्हणाला, अरे ब्लाझेय, फुलं एप्रिलमध्ये संपतात, मेंढ्या मे महिन्यात चरायला निघतात, मग तुडवतात काय स्वप्नात? त्यांच्या लेंड्यांवरच तर फुलतं हे सगळं. याला व्हिजनच नाही.

४ मे
सकाळी नऊला उठलो. निसर्गासाठी काहीतरी केल्याचं समाधान.

२० जुलै
रोझालिया म्हणते, मेंढ्या नाहीत तर निदान गवत तरी काप. बायकोला सायन्स कळत नाही. गवत म्हणजे फुलांचं पांघरूण. आणि माझी कंबर?

९ एप्रिल २०१२
फुलं थोडी कमी. बर्फ उशिरा वितळला.

१२ एप्रिल २०१३
बरीच कमी. टुरिस्ट! 'फुलं तुडवू नका' असा बोर्ड लावला. वालेंतीनं विचारलं, कुठली? त्याच्याशी बोलणं बंद.

१० एप्रिल २०१४
वाळक्या गवतात हात घालून शोधली. सतरा. आईला म्हटलं, यंदा उशीर आहे.

१५ एप्रिल
उशीर आहे म्हटलं.

१९ एप्रिल
आता ती विचारत नाही. सूपही अर्धं ठेवते. फार वाईट वाटतं.

२१ एप्रिल
नाक मुठीत धरून वालेंतीकडे गेलो. दहा मेंढ्या मागितल्या. या वेळी तो हसला नाही. म्हणाला, ने की, पण फुलं परत यायला वर्षं लागतील. आईचं वय एकोणनव्वद.

२३ एप्रिल
आईची खाट पलीकडच्या खिडकीशी लावली. तिथून वालेंतीचं कुरण दिसतं, गच्च जांभळं. त्याच्या मेंढवाड्याचा वास येतो म्हणून ती खिडकी आम्ही कधी उघडत नाही. आईनं उघडायला लावली. मेंढ्यांचा वास घेत कितीतरी वेळ बघत बसली. कोबीचं आंबट सूप दोनदा मागून घेतलं.
मग म्हणाली, आपल्या मेंढ्यांचं नीट करतोस हो, ब्लाझेय.
हो म्हणालो.