कागद वाचून कोण दाखवीन?

पुणे

माय, तुले आन दादाले जयभीम.

मी बरी आहो. मेसच्या भाजीत गूळ टाकतात, तेवढंच. तुले फोनवर ऐकू येत नाही म्हणून लिहून राह्यली.

मनाच्या आजाराचं जे टिपण आम्ही समुपदेशक लिहतो, ते आता पेशंटलेच वाचाले द्याचं, असं इथं ट्रेनिंगात शिकवून राह्यले. आपल्याबद्दल काय लिहलं हे माणसाले कळलं पाहिजे, सर म्हणतात. मलेही पटते. सरावाले मी एका बाईचं लिहलं, 'नवऱ्याची भीती वाटते.' सर म्हणे, छान. मंग मले आपल्या लोणारच्या दवाखान्यात माह्याकडे येतात त्या बाया आठवल्या. जिले वाचता येत नाही, तिचा कागद तर नवराच वाचून दाखवीन! सर म्हणे, तरी हक्क तिचाच. तेही खरं. मंग लिहाचं का नाही?

हे पत्रही सुवर्णावहिनीच वाचून दाखवतीन. वहिनी, राग मानू नका.

माय, झोप लागते का तुले? राहू दे, उत्तर लिहाले सांगू नको. मी आली की आपण दोघीच वावरात जाऊ. तिथं मले मोठ्यानं विचारता येते, आन तुलेही मोठ्यानं सांगता येते.

तुझीच,
धम्मशीला