तुझ्या जुन्या नावापुढचा पत्ता

प्रिय भिंगरी,

हे पत्र तुझ्या तिथल्या वॉर्डनबाई स्वतः तुझ्या हातात देतील. आधी पुरतं वाच, मग रड, मग मला काय शिव्या घालायच्या त्या घाल. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू मला बोलू दिलं असतंस का? तुझा नवरा तुला शोधतोय. तू कुठे आहेस ते त्याला अजून कळलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं तुझ्याच्याने वाचून व्हायचं नाही.

कसा शोधतोय ते ऐक. आपल्या निवाऱ्यात आलेल्या बायकांची सगळी माहिती, पुढे कुणाला कुठे हलवलं ते पत्तेसुद्धा, ऑफिसातल्या एका कॉम्प्युटरवर असते आणि ती मी सांभाळते. त्यासाठी ब्राउझरमध्ये उघडणारं एक पान आहे. घरूनही काम करता यावं म्हणून ते इंटरनेटवर उघडं ठेवलेलं. त्या प्रोग्रामच्या जुन्या आवृत्तीत भोक निघालं, पासवर्ड न देता आत शिरता येईल असं. बनवणाऱ्यांनी दुरुस्ती केव्हाच दिली होती. मी आपल्या संस्थेच्या सेक्रेटरीसाहेबांच्या मागे लागून लागून थकले. चाललंय ना नीट, मग कशाला हात लावायचा, हे त्यांचं ठरलेलं उत्तर. त्यांच्या स्वतःच्या घराची कडी तुटली असती तर असे निवांत बसले असते का गं? अस्सा संताप आला होता!

सोमवारी मी आत कोण कधी आलं ते तपासायला बसले. बाहेरून कुणीतरी शिरून एकच नाव पुन्हापुन्हा शोधत होतं. तुझं जुनं नाव. मग तुझ्या लेकीचं, पिल्लूचं, जन्मतारखेसकट. दुसरं कोण असणार? मेल्याचं पोटच वेबसाइटी बनवण्यावर चालतं, अशी भोकं त्याला तोंडपाठ. पण तू आलीस त्याच दिवशी मी तुम्हा दोघींची नावं, तारखा, सगळं बदलून लिहिलं होतं. तेव्हा तू नाक मुरडलंस, हे नाव शाळेतल्या हेडबाईंचं वाटतं म्हणून. त्या हेडबाईंनीच वाचवलं बघ तुला.

पोलीस ठाण्यातल्या इन्स्पेक्टरबाईंना तेव्हाच बोलावून घेतलं. भोक बुजवणं माझ्या हातात होतं, पण बुजवलं असतं तर तो दुसरीकडून आला असता. मागे तो पाळणाघराच्या फाटकाशी येऊन उभा राहिला आणि त्यानंतर पिल्लूने कितीतरी दिवस तोंड उघडलं नाही, ते मी कशी विसरेन? म्हणून आम्ही दोघींनी मिळून ठरवलं. सगळ्या बायकांची खरी माहिती त्या कॉम्प्युटरवरून काढून घेतली, तिथे खोटीनाटी नावं भरली, आणि भोक तसंच राहू दिलं. मग त्यात एक नोंद वाढवली. तुझं जुनं नाव, आणि त्यापुढे एक पत्ता. सेक्रेटरीसाहेबांना यातलं अवाक्षर सांगितलेलं नाही.

तो पत्ता माझ्या घराचा आहे, भिंगरी. आज सकाळी त्याने तो वाचला. शनिवारी तू पिल्लूला घेऊन माझ्याकडे राहायला येणार होतीस ना, येऊ नकोस. म्हणून तर हे पत्र. इन्स्पेक्टरबाई स्वयंपाकघरात बसल्यात आणि चहा पिऊन पिऊन त्यांनी माझी साखर संपवत आणलीय. तुझा माग काढायचा नाही ही कोर्टाची बंदी मोडून, चोरून वाचलेल्या पत्त्यावर तो उभा सापडला, की त्याला सांगायला कुठलीच सबब उरणार नाही. मला भीती वाटत नाही असं लिहिलं तर तुला खरं वाटणार नाही. अक्षर बघतेसच किती वाकडं आलंय. पण तुम्ही दोघी इथे येणार नाही, एवढं वॉर्डनबाईंकडून आजच्या आज कळव. तेवढं कळलं की त्याला दार मी स्वतः उघडीन.

तुझीच,
कॉम्प्युटरवाली मावशी