एक मूठ पेंड

उचगाव, सन १९११

प्रिय मीरासाब,

तुझं पत्र पोचलं. अम्माच्या चाळिसाव्याला येतोस आणि जेवणासाठी हौदातले मासे काढून ठेव म्हणतोस. मासे आता भरलेत. पाठी रुंद झाल्यात, कोंडा पडला की उसळतात.

प्लेगात मी राधानगरीला धरणाच्या कामावर अडकलो. वाटेवर पहारा होता. तू लिहायचास, अम्मा गावाबाहेरच्या झोपडीत बरी आहे, रोज भाकरी पोचवतो, माशांना पेंडही टाकतो. ती पायानं अधू, पण तू आहेस म्हणून मी निर्धास्त राहिलो.

पहारा उठताच येतो म्हणून कळवलं. पोचलो तर आदल्या दिवशीच तिचं दफन झालेलं. तिला प्लेगची गाठ आली नव्हती. तू सगळ्यांना सांगत होतास, माझ्या हातचा मटण-भात पोटभर जेवली आणि समाधानानं गेली. लोक तुझं कौतुक करत होते. मीही तुझ्या गळ्यात पडून रडलो.

मग हौदावर गेलो. निम्मे मासे पोट वर करून तरंगत होते. पाणी आंबलेलं, तळाशी पाटीभर पेंड. जिवंत होते त्यांची डोकी तेवढी मोठी, अंगं चिंधीसारखी. चार दिवसांच्या उपासानं मासा असा होत नाही.

अब्बा हौद सांभाळायचे तेव्हा पेंडीची पाटी तुझ्याच हातात असायची. उपाशी माशाला पहिल्या दिवशी एक मूठ, तीही भिजवून. हावरेपणानं खातो म्हणून दया केली तर मरतो. धीरानं वाढवलं तर इतरांपेक्षा लवकर भरतो. हे तू माझ्याआधी शिकलास.

शेजारच्या झोपडीतल्या बायडाबाईला विचारलं. ती म्हणाली, "गौस, त्यो कागलला सासरवाडीत बसलावता की. तू येणार म्हटल्यावर आला, एकदाच, त्यो मटण-भात घिऊन. आमी घोटभर पेज देत हुतो, पर आमच्यातबी कुठं हुतं?"

उरलेल्या माशांना मी मुठीमुठीनं सावरलं. आता ते बघून कुणाला काही कळायचं नाही. तू हौदाकडे बोट दाखवशील आणि अम्मालाही असंच सांभाळलं म्हणशील. म्हणून आजच लिहिलं. चाळिसाव्याला ये, फातेहा पढ, ती तुझीही आई होती. पण तिला पोटभर वाढलंस, हे त्या दिवशी कुणापुढे म्हणू नकोस. म्हणालास तर मी गप्प बसणार नाही. मासे काढणार नाही.

तुझाच थोरला,
गौस